पुसणें आणि टिपणें

गेल्या लेखांकांत आम्हीं तांब्यापितळेच्या भांड्यांची निगा हा विषय घेतला होता. तो वाचून एका वाचकभगिनींनीं लिहिलें कीं, "ताम्हनाविषयीं आपण चार पानें लिहिलींत, परंतु आमच्या घरांत सर्वांत महाग असलेली आणि सर्वांत अडाणीपणानें घांसली जाणारी वस्तु दारांत उभी असते. तिच्याविषयीं दोन शब्द लिहाल काय?" ही दारांतील वस्तु म्हणजे मोटारगाडी. पत्र वाचून आम्ही प्रथम हंसलों आणि नंतर ओशाळलों. कारण धुतलेली गाडी कशी कोरडी करावी, या विषयावर लिहिण्याचा जो कांहीं अधिकार आम्हांस आहे, तो स्वतःच्या अपराधानें मिळालेला आहे. तेव्हां अपराध अगोदर सांगतों, आणि त्यांतून मिळालेलें ज्ञान मागाहून.

गेल्या दसऱ्यास आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं गडद निळ्या रंगाची गाडी घेतली. आम्ही पुण्यांत राहतों त्या इमारतींत सोळा गाड्या आहेत, आणि त्या सर्व रोज पुसण्याचें काम एक तरुण करतो. लातूरकडून शिकण्यासाठीं आलेला, वय विसाच्या आंतबाहेर. पहांटे पांचापासून आठापर्यंत गाड्या पुसावयाच्या आणि मग महाविद्यालयांत जावयाचें, असा त्याचा क्रम. दर गाडीमागें महिना ५०० रुपये. आमचीहि गाडी त्याच्याकडे सोंपविली.

संक्रांतीस तिळगूळ द्यावयास आम्ही सहकुटुंब व्याह्यांकडे गेलों. एरवीं तळमजल्याच्या सावलींत असणारी गाडी त्या दिवशीं प्रथमच भर उन्हांत उभी राहिली. व्याही आमचें स्वागत करावयास पायऱ्या उतरून आले, आणि बॉनेटवर वांकून म्हणाले, "नवी गाडी ना हो ही?" आम्हींहि वांकून पाहिलें. निळ्या रंगांत सूर्याचें प्रतिबिंब पडलें होतें, आणि त्याच्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखे, केंसाहून बारीक असे शेंकडों चरे वर्तुळाकार चमकत होते.

त्या रात्रीं घरांत पंचायत बसली. गाडीला रोज हात लावणारा एकच. तेव्हां चरेहि त्याचेच, असा निकाल पांच मिनिटांत लागला. पंचायतीचे प्रमुख अर्थातच आम्ही. दुसऱ्या दिवशीं त्या मुलास बोलावून आम्हीं चार शब्द सुनावले. तो इतकेंच म्हणाला, "काका, मी ओलंच फडकं फिरवतो. कोरडं कोण फिरवतं तेवढं एकदा बघा." आम्हांस हें उर्मट उत्तर वाटलें. आम्हीं त्याला काम सोडावयास सांगितलें, आणि एवढ्यावर न थांबतां शेजाऱ्यांसहि सावध केलें. आणखी पांच घरांनीं त्याला नकार दिला. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय गुरुजी छडी उचलीत नाहींत असा आमचा लौकिक होता. तो या एका दिवशीं आम्हीं आपल्याच हातांनीं घालविला.

पाडव्यास गाडी पूजेसाठीं अंगणांत उन्हांत काढली, तों काय! चरे होते त्याहून वाढलेले. आमची अकरावींतली नात शेजारीं उभी होती. फावल्या वेळांत आम्ही तिला न्यायशास्त्राचे पहिले धडे देत असतों. ती म्हणाली, "आजोबा, अन्वय आणि व्यतिरेक तुम्हीच शिकवलेत ना? जेथें कारण तेथें कार्य, आणि कारण नाहीं तेथें कार्यहि नाहीं. तो दोन महिने गाडीला शिवला नाहीं. मग चरे कसे वाढले?" आम्ही निरुत्तर झालों. तेव्हां तिनें हळूच विचारलें, "रोज सकाळीं फिरून आल्यावर गाडीवरची धूळ कोण पुसतं?"

वाचकहो, ती धूळ आम्हीच पुसत होतों. जुनें, धुवून धुवून लोण्यासारखें मऊ झालेलें उपरणें घेऊन, कोरड्या गाडीवर, गोल गोल, मोठ्या मायेनें, रंगांत आपलें तोंड दिसेपर्यंत. आणि रविवारीं गाडी धुतली कीं त्याच उपरण्यानें ती खसाखसा कोरडी करीत होतों.

नातीनें तेवढ्यावर सोडलें नाहीं. तिनें गाण्याची एक जुनी निरुपयोगी सीडी आणली. तिची चकचकीत बाजू आमच्या उपरण्यानें पुसावयास सांगितली; उपरणें नुकतेंच गाडीवरून फिरलेलें होतें. तीन वेळां पुसतांच सीडीवर चरे उमटले. नंतर सीडीची एक न पुसलेली बाजू तिनें पाण्यानें धुतली, स्वच्छ मायक्रोफायबरचें फडकें तीवर ठेवून नुसतें दाबलें आणि उचललें. एकहि चरा दिसला नाहीं. सीडीचें प्लास्टिक गाडीच्या रंगाहून नाजूक असतें हें खरें. परंतु शिकावयाचें तें आम्ही शिकलों.

आतां या चऱ्यांचें कारण पाहूं. मोटारीचा रंग हा एकच थर नसतो. गंज चढूं नये म्हणून पोलादी पत्र्यावर विजेच्या साहाय्यानें एक लेप बसवितात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा. त्यावर निळा, तांबडा, पांढरा असा जो असेल तो रंग. आणि सर्वांच्या वर एक पारदर्शक लेप. आपल्याला जी चकाकी दिसते ती या शेवटच्या लेपाची. चारी थर मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यांत पारदर्शक लेपाचा वांटा बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या लेपावर सारें सौंदर्य अवलंबून तो केंसाच्या जाडीहूनहि पातळ. आणि हा लेप कांचेच्या जातीचा नव्हे; तो प्लास्टिकाच्या जातीचा.

याच्यासमोर धूळ कशी असते? खनिजांची कठिणता मोजण्याची एक दहा पायऱ्यांची श्रेणी फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं बसविली. पहिल्या पायरीवर शंखजिरें, दहाव्यावर हिरा. जें वरच्या पायरीवर तें खालच्यास ओरखडतें. चाकूचें पातें साडेपांचाच्या आसपास येतें. सह्याद्रीचा जो काळा पाषाण दळून आपल्या रस्त्यांवरची धूळ होते त्यांतील फेल्डस्पार हें खनिज सहाव्या पायरीवर आहे, आणि वाळूंतील गारगोटी सातव्या. म्हणजे धुळीनें भरलेल्या गाडीवर कोरडें फडकें फिरविणें हें चाकूहून कठीण अशा असंख्य टोंकांनीं तिला घांसण्यासारखें आहे. उपरणें कितीहि मऊ असो, ओरखडा उपरणें काढीत नाहीं. उपरण्याखालीं सांपडलेला कण काढतो.

हे चरे वर्तुळाकार दिसतात म्हणून कोणी म्हणतात, फडकें गोल फिरविण्यानें असें होतें. हें अर्धें खरें. चरे सर्व दिशांनीं असतात. परंतु त्यांपैकीं प्रकाशास आडवे जाणारे तेवढेच आपल्या डोळ्यांकडे चमकतात, आणि म्हणून सूर्यबिंबाभोंवतीं त्यांचें चक्र दिसतें. सरळ हात फिरवूनहि चरे पडतातच. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या-निळ्यावर उघडे पडतात, इतकाच भेद.

आमची ही घांसण्याची खोड कोठून आली, याचाहि आम्हीं शोध घेतला. आमच्या मामांकडे अँबॅसॅडर गाडी होती. तिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. जुन्या गाड्यांस वरचा पारदर्शक लेप नसे. रंगाचा थरच वर असे. तो उन्हानें मेला कीं पॉलिश लावून खूप घांसावयाचें. वरचा मेलेला रंग फडक्यास लागून येई आणि खालचा ताजा रंग उजळे. मामा घांसघांसून घामाघूम होत आणि गाडी खरोखरच नवी दिसे. तें पाहून लहानपणीं आमच्या मनांत पक्कें बसलें कीं, जितकें घांसावें तितकें चमकतें. जुन्या रंगाचा हा नियम नव्या रंगास लावावयाचा नसतो.

मग कोणी विचारील, पुसण्यांत इतका धोका असेल तर गाडी धुवून तशीच वाळूं द्यावी. वारा आहे, ऊन आहे! पण येथें दुसरा शत्रु उभा आहे, आणि तो आपल्या गृहिणींच्या चांगला ओळखीचा आहे. ज्यांच्या घरीं पाणी तापवावयाचा तांब्याचा बंब असे, त्यांना त्याच्या आंत धरणारा पांढरा थर आठवेल. विंधनविहिरीच्या पाण्यांत चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. गाडीवर सुकलेला प्रत्येक थेंब हा असा एक छोटा बंबच असतो. चहाचा थेंब पाटावर सुकला कीं मध्यें फिकट आणि कडेला गडद असें कडें उमटतें. थेंबाच्या कडेचें पाणी आधीं उडतें, तें भरून काढण्यास मधलें पाणी कडेकडे वाहूं लागतें, आणि आपल्याबरोबर विरघळलेले वा तरंगणारे पदार्थ कडेला नेऊन टाकतें. शिकागो येथील शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं याची उपपत्ति सिद्ध केली. गाडीवरची पांढरी वलयें याच जातीचीं. ऊन कडक आणि पत्रा तापलेला असला तर थेंब झपाट्यानें आटतो, क्षार घट्ट चिकटतात, आणि कालांतरानें रंगावर कायमचा वण राहूं शकतो.

येथें घराघरांतील एक चूक सांगणें अवश्य आहे. पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रांतून जें पाणी बाहेर टाकलें जातें, तें काटकसरी सुना बादलींत सांठवितात. हा गुण स्तुत्य आहे. परंतु यंत्रानें पिण्याच्या पाण्यांतून काढलेले क्षार त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यांतच जमलेले असतात. म्हणून तें मूळच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असतें. त्यानें फरशी धुवावी, गाडीचीं चाकें धुवावीं. गाडीवरचा शेवटचा हात मात्र त्यानें देऊं नये. उलट, पावसाचें स्वच्छ सांठविलेलें पाणी किंवा यंत्रांतून शुद्ध होऊन आलेलें तांब्याभर पाणी शेवटीं ओतलें तर डाग फारच कमी पडतात.

सारांश, पुसावें तर चरे आणि न पुसावें तर डाग, अशी ही अडचण आहे. तिच्यांतून सुटण्याची युक्ति आम्हांस आमच्या शाळेच्या दप्तरांतच सांपडली. शाई-दौतीच्या दिवसांत प्रत्येक मुलाच्या वहींत टिपकागद असे. शाईचा ठिपका पडला आणि घाईघाईनें पुसला, तर अक्षर फिसकटून पानभर काळें होई. टिपकागद ठेवून वरून नुसतें दाबलें, तर ठिपका कागदांत जाई आणि अक्षर जसेंच्या तसें राही. पुसणें आणि टिपणें या दोन क्रियांतील हें अंतर आम्हीं शेंकडों मुलांस शिकविलें, आणि गाडीपाशीं आल्यावर स्वतः विसरलों! गाडी पुसावयाची नसते, टिपावयाची असते. पुढील सर्व कृति या एका सूत्राचा विस्तार आहे.

पहिली गोष्ट वेळेची. गाडी सकाळीं लौकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलींत आणि पत्रा थंड असतांना धुवावी. बाहेरून आल्याबरोबर बॉनेटवर पाणी घालूं नये. इंजिनाच्या उष्णतेनें तें जागच्या जागीं आटतें.

दुसरी गोष्ट, टिपण्यासाठीं पाणीच कमी उरावें अशी योजना. आपल्याकडे पाण्याचा तुटवडा, आणि पुष्कळ इमारतींत नळी लावण्यास बंदी. तेव्हां आम्हीं बागेंतील झारी वापरूं लागलों आहों. साबण धुवून निघाल्यावर, चाळण काढलेली झारी टपाजवळ अगदीं खालीं धरून पाण्याची संथ धार सोडावी. असें केल्यानें पाण्याचा अखंड पडदा उतरतो आणि आधीचे सुटे थेंब आपल्याबरोबर घेऊन जातो. तीच धार उंचावरून जोरानें पाडली तर पाणी फुटून गाडीभर थेंबच थेंब होतात. नळी असेल तर तिचें तोंड मोकळें ठेवून असेंच करावें. मेणाचा हात दिलेल्या गाडीवरून पाणी अधिक सहज सरकतें.

तिसरी गोष्ट फडक्याची. जुनें धोतर, उपरणें, गंजीफ्रॉक, स्वयंपाकघरांतील पंचा, हीं सर्व या कामांतून निवृत्त करावींत. कापूस मऊ असला तरी त्याच्या सपाट विणींत कणाला लपावयास जागा नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्यें भरडला जातो. मोटारवाले पूर्वीं वापरीत तें शामी नांवाचें कमावलेलें मऊ कातडें पाणी पुष्कळ पितें, पण सपाटपणाचा दोष त्यांतहि आहे. कांचेवरचें पाणी ओढण्याची रबरी पट्टी रंगावर कदापि फिरवूं नये. तिच्या धारेखालीं एक कण सांपडला कीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सरळ रेघ उमटते.

हल्लीं सर्वत्र मिळणारें मायक्रोफायबर या कामीं उत्तम. नऊ हजार मीटर लांब धाग्याचें वजन एक ग्रॅम भरलें तर तो धागा एक डेनियरचा समजतात. मायक्रोफायबरचा तंतु त्याहूनहि बारीक असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉनवर्गीय पदार्थ यांच्या या तंतूंस फटी पाडलेल्या असल्यामुळें पाणी त्यांच्यामधल्या पोकळींत खेंचलें जातें, आणि लांब लवदार फडक्यांत चुकून राहिलेला कण लवीच्या आंत जातो, रंगावर घांसला जात नाहीं. टिपण्यासाठीं जाड आणि लवदार फडकें घ्यावें; त्याच्या कडेला कडक चिठ्ठी शिवलेली असेल तर ती प्रथम काढून टाकावी.

चौथी गोष्ट कृतीची. मोठें फडकें उलगडून दोन्हीं हातांनीं टपावर अंथरावें, वरून तळहातानें हलकेंच थोपटावें, आणि सरळ उचलावें. देवांस स्नान घातल्यावर आपण अंगवस्त्रानें मूर्ति जशी टिपतों, घांसत नाहीं, तसेंच. उभ्या बाजूंवर फडक्याची घडी ठेवून दाबावी आणि जागा बदलावी. कोठें ओढावेंच लागलें तर ओल्या पृष्ठभागावरून, फडक्याचें वजन तेवढाच दाब ठेवून, एका दिशेनें. कोरड्यावर कोरडें फडकें फिरवावयाचें नाहीं. क्रम वरून खालीं: टप, कांचा, बॉनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग रस्त्याची वाळू झेलीत असतो. त्यासाठीं निराळें फडकें, आणि चाकांसाठीं तिसरें.

पांचवी गोष्ट लपलेल्या पाण्याची. आरशांचीं घरें, दारांच्या मुठी, नंबरपाटी, दिव्यांच्या कडा यांत पाणी दडून बसतें आणि सर्व काम झाल्यावर बाहेर येऊन ओघळ काढतें. हवेचा झोत सोडणारें छोटें यंत्र असेल तर त्यानें तें आधींच उडवावें. तें नसेल तर दारें आणि डिकी एकदां उघडून मिटावी आणि ओघळ जुन्या पण स्वच्छ फडक्यानें टिपावेत. शेवटीं गाडी हळू वेगानें थोडी फिरवून आणावी आणि ब्रेक दोन-तीन वेळां हलके दाबावेत. ब्रेकची चकती बिडाची असते. ती ओली ठेवली तर रात्रींतून तांबूस गंज धरते, आणि ओला ब्रेक पहिल्या वेळीं धरावा तसा धरीत नाहीं. सौंदर्यापेक्षां सुरक्षितता अधिक महत्त्वाची.

राहिली गोष्ट फडक्याच्या सोवळ्याची. जुन्या घरांतील भगिनींस हें समजावयास एक क्षण लागणार नाहीं. टिपण्याचें फडकें जमिनीवर पडलें कीं तें ओंवळें झालें. झटकून पुन्हां वापरावयाचें नाहीं. एका कणानें साऱ्या कष्टांवर पाणी फिरतें. तें इतर कपड्यांत, विशेषतः सुती कपड्यांत, धुवूं नये, कारण सुताचा बुरा त्यांत अडकतो. साधा पातळ साबण आणि कोमट पाणी पुरे. कपडे मऊ करणारा सुगंधी द्राव घालूं नये. तो तंतूंवर बसून त्यांची पाणी पिण्याची शक्ति घालवितो. उकळतें पाणी आणि इस्त्री यांनीं तंतु बिघडतात. वाळल्यावर फडकें झांकून डब्यांत ठेवावें.

इतकें करूनहि एखादा पांढरा डाग राहिला तर? तो ताजा असतांना पांढरें व्हिनेगर आणि तितकेंच पाणी यांत फडकें भिजवून क्षणभर डागावर ठेवावें, टिपावें, आणि भरपूर पाण्यानें धुवावें. नखानें खरवडूं नये. पडलेले चरे मात्र कारागिराला यंत्रानें घांसूनच काढावे लागतात, आणि चरा काढणें म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत भोंवतालचा लेप झिजविणें. चाळीस-पन्नास मायक्रॉनांच्या पुंजीतून हा खर्च कितीदां करावयाचा, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. आणि रोजच्या धुळीचें काय? रोज गाडी पुसूंच नये. धूळ नुसती बसलेली असली तर कांहीं बिघडवीत नाहीं. आपण तिला घांसतों तेव्हां ती बिघडविते.

आतां त्या मुलाची गोष्ट पुरी करतों. सीडीचा प्रयोग झाल्यावर त्याच सायंकाळीं आम्ही त्याच्या खोलीवर गेलों. तिघे मिळून एका खोलींत राहत होते. आम्हांस पाहून तो उठून उभा राहिला. आम्हीं सांगितलें, "चरे आम्हीं पाडले. तुझ्यावर खोटा आळ घेतला. उद्यांपासून ये, आणि मधल्या दोन महिन्यांचे पैसे हे घे." पाकीट त्यानें घेतलें, उघडलें नाहीं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "काका, माझीबी एकच बादली आणि एकच फडकं असतंय सोळा गाड्यांना. थोडे चरे माझेबी असतील." हें त्यानें आपण होऊन सांगितलें. जें सांगावयास आम्हांस दोन महिने लागले, तें त्यानें एका मिनिटांत सांगितलें. मग म्हणाला, "पण तुम्ही पाच घरांत जे सांगितलं ना, ते तेवढ्याच घरांत जाऊन परत सांगा. पैशाचं काय नाही."

आम्ही पांचहि घरीं गेलों. दोन ठिकाणीं लोक हंसले, एके ठिकाणीं चहा मिळाला, आणि एका गृहस्थांनीं "जाऊं द्या हो, एवढें काय त्यांत!" असें म्हणून दार लावून घेतलें. त्यांना एवढें कांहीं वाटलें नाहीं. परंतु त्या मुलाचे दोन महिन्यांचे सहा हजार रुपये त्या 'एवढ्यांत' बुडाले होते. आमच्या घरचे एक हजार आम्हीं दिले. बाकी पांच हजारांचा भार कोणाचा, हें सांगण्याची गरज नाहीं. तेहि आम्हीं त्याच्या परीक्षेच्या शुल्कांत भरले. पांचांपैकीं चार घरांनीं त्याला परत बोलाविलें.

इमारतीच्या सभेंत आम्हीं दोन ठराव मांडले, आणि ते संमत झाले. रोज पुसण्याऐवजीं प्रत्येक गाडी आठवड्यांतून दोनदां दोन बादल्या पाण्यानें धुवावी आणि टिपावी, वेतन तेंच. आणि प्रत्येक घरानें आपल्या गाडीचीं तीन फडकीं, खुणेचीं, स्वतः धुवून द्यावींत. एका फडक्यानें सोळा गाड्या पुसावयास लावून वर चऱ्यांचा जाब विचारणें हें आम्हां सोळा घरांचेंच पाप होतें.

आतां रविवारीं सकाळीं तो झारी धरतो आणि आम्ही फडकें अंथरतों. हात फिरवावयाचा मोह अजूनहि होतो. साठ वर्षांची खोड एका उन्हाळ्यांत जात नाहीं. तसें झालें कीं तो नुसता म्हणतो, "काका, टिपा." आणि आम्ही हात उचलतों.